विश्लेषण : जुन्या छोट्या विमानांचे रिव्हेट काय सांगतात आणि काय लपवतात?

छोट्या विमानाच्या अंगावर हजारो रिव्हेट असतात. त्यातला एखादा ढिला झाला म्हणून विमान कोसळत नाही. मात्र तो का ढिला झाला हे न शोधता त्यावर रंग मारून टाकला, तर धोका तिथेच वाढत राहतो. वैमानिक प्रशिक्षणाचा आणि खासगी उड्डाणांचा मोठा भार आजही चार-पाच दशके जुन्या विमानांवर आहे. या विमानांतील छुपे दोष कसे शोधले जातात, ते सुटतात कुठे आणि केवळ ‘तपासणी झाली’ एवढी नोंद पुरेशी का नाही, याविषयी...

इतकी जुनी विमाने अजून का उडतात?

सेसना १५२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९७७ मध्ये बाजारात आले आणि १९८५ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे आज उडणारे प्रत्येक सेसना १५२ किमान चाळिशीचे आहे. सेसना १७२ हे चार आसनी विमान १९५६ पासून विकले जात असून, आजवर ४४ हजारांहून अधिक तयार झाली. कोणत्याही विमानाच्या वाट्याला एवढी संख्या आलेली नाही. मात्र १९८६ मध्ये कंपनीने पिस्टन इंजिनाच्या विमानांचे उत्पादन बंद केले. अपघातानंतरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांनी अमेरिकेतील विमान उत्पादक बेजार झाले होते. १९९४ मध्ये तेथील कायद्याने १८ वर्षांहून जुन्या छोट्या विमानांबाबतच्या दाव्यांना मर्यादा घातली, त्यानंतर दशकभराच्या खंडाने उत्पादन पुन्हा सुरू झाले. या खंडामुळे आणि नव्या विमानांच्या किमतीमुळे जुनी विमाने दुरुस्त करून वापरत राहणे हाच अनेकांपुढील व्यवहार्य मार्ग उरला. महाराष्ट्रातही बारामती, धुळे येथे वैमानिकांच्या कित्येक तुकड्या सेसना विमानांवरच शिकून बाहेर पडल्या.

या विमानांचे मूळ आराखडे १९५०च्या दशकातील नियमांनुसार मंजूर झालेले आहेत. पंख किती भार सोसेल, याचा हिशेब त्या नियमांत काटेकोर होता. मात्र तोच भार हजारो वेळा येऊन धातू थकला तर काय होईल, याचा हिशेब मांडण्याची सक्ती नव्हती. ही विमाने नातवंडांच्या काळापर्यंत उडत राहतील, अशी कल्पना तेव्हा कुणी केलेलीच नव्हती.

रिव्हेट नेमका काय करतो?

घरातल्या कढईचा कान ज्या खिळ्याने बसवलेला असतो, तोच हा प्रकार. दोन पत्र्यांच्या आरपार भोक पाडून त्यात मऊ धातूचा खिळा घालायचा, एका बाजूने हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने ठोके द्यायचे आणि दुसऱ्या बाजूने जड पोलादी ठोकळा टेकवायचा. ठोक्यांनी खिळ्याचे शेपूट चेपून पसरते आणि मधला दांडा फुगून भोक गच्च भरतो. हे गच्च भरणेच महत्त्वाचे. त्यामुळे पत्रे एकमेकांवर सरकत नाहीत आणि भार रिव्हेटांच्या सगळ्या रांगेत वाटला जातो.

मग वेल्डिंग का करत नाहीत? विमानाचा पत्रा तांबे मिसळलेल्या अॅल्युमिनियमचा असतो आणि उष्णता-प्रक्रियेने त्याला ताकद दिलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती ताकद जाते आणि जोडाला तडे जाण्याचीही भीती असते. छोट्या विमानाचा बाहेरचा पत्रा बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला रिव्हेटच मानवतो.

परंतु रिव्हेटसाठी भोक पाडावे लागते आणि भोक म्हणजे दुबळी जागा. ताणलेल्या पत्र्यातील गोल भोकाच्या कडेवरचा ताण इतर पत्र्याच्या सुमारे तिप्पट असतो. त्यात पोलादाला ज्याखाली कितीही आवर्तने सोसता येतात अशी भाराची मर्यादा असते, तशी अॅल्युमिनियमला नसते. लहान भारही पुरेशा वेळा आला तर तडा सुरू होतो आणि तो बहुधा भोकाच्या कडेलाच होतो. म्हणजे तडा जिथे जन्मतो, ती जागा रिव्हेटच्या डोक्याखाली झाकलेली असते.

रिव्हेट ढिला झाल्याचे कसे कळते?

कढईचा कान हलू लागला की त्याच्याभोवती काळा मळ साचतो. विमानाच्या रिव्हेटचेही तसेच आहे. ढिला रिव्हेट उड्डाणात सूक्ष्म हालचाल करतो, धातूवर धातू घासतो आणि अॅल्युमिनियम ऑक्साइडची काळी-राखाडी भुकटी बाहेर पडते. वाऱ्याच्या झोताने ती मागे ओढली जाऊन रिव्हेटच्या मागे धुराच्या शेपटीसारखा डाग उमटतो. म्हणूनच मेकॅनिक अशा रिव्हेटला ‘स्मोकिंग रिव्हेट’ म्हणतात.

प्रत्येक काळा डाग मात्र ढिल्या रिव्हेटचाच नसतो. इंजिनाचा धूर, तेल आणि धूळही तसाच डाग पाडतात. त्यासाठी साधा उपाय आहे. डाग पुसायचा, काही उड्डाणांनंतर पुन्हा पाहायचे. त्याच रिव्हेटमागे तो पुन्हा उमटला, तर तिथे हालचाल आहे असे समजायचे.

इतरही खुणा असतात. रिव्हेटच्या डोक्याभोवती रंगाला गोल चीर पडते. डोके एका बाजूला कलते. पंखातील इंधन टाकीजवळच्या रिव्हेटभोवती निळसर डाग दिसतो, कारण या विमानांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये ओळखीसाठी निळा रंग घातलेला असतो. पत्रा दोन रिव्हेटांच्या मध्ये उशीसारखा फुगलेला दिसला तर आत गंज असण्याची दाट शक्यता असते. अॅल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबूस नसतो. तो पांढऱ्या भुकटीच्या रूपात येतो आणि मूळ धातूपेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो. त्या दाबाने पत्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात, कधी रिव्हेटचे डोकेही उडते.

अनुभवी मेकॅनिक काही जागा आधी पाहतो. शिकाऊ वैमानिक विमान नाकावर आपटतात, तेव्हा धक्का पुढच्या चाकातून इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीत जातो. तिथे सुरकुत्या आणि काळे पडलेले रिव्हेट दिसले तर लॉगबुकमध्ये नोंद नसलेले एखादे जड लँडिंग उघडे पडते. पंख धडाला जिथे जोडतो ती जागा, मुख्य चाकांचे जोड, शेपटीचा आडवा पंख आणि प्रोपेलरच्या झोतात येणारे पत्रे हीही नेहमीची संशयित ठिकाणे.

मग दिसत नाही ते काय?

वरच्या सगळ्या खुणा रिव्हेट हलू लागल्यानंतरच्या आहेत. खरी अडचण आहे ती रिव्हेट घट्ट असतानाच त्याच्या डोक्याखाली वाढणाऱ्या तड्याची. दोन पत्र्यांच्या मध्ये साचलेल्या ओलाव्याने धरलेला गंज, आतल्या पत्र्याला गेलेला तडा, पंखाच्या मुख्य तुळईत, म्हणजे स्पारमध्ये, बोल्टच्या भोकाच्या कडेला झालेली सुरुवात यातले काहीच बाहेरून दिसत नाही.

डोके पत्र्यात बुडवून सपाट बसवलेला रिव्हेट हा आणखी एक कच्चा दुवा. त्यासाठी भोकाचे तोंड शंकूसारखे कोरावे लागते. पातळ पत्र्यात ते जास्त खोल गेले तर भोकाची कड सुरीच्या धारेसारखी पातळ होते. हे केवढे महाग पडू शकते, हे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर दिसले. अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या धडाचा वरचा भाग उड्डाणात उडून गेला आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. पत्र्यांमधला गोंद सुटला होता, भार रिव्हेटांवर आला होता आणि रांगेतल्या अनेक भोकांच्या कडांचे बारीक तडे एकमेकांना मिळाले होते. त्या विमानाने ८९ हजारांहून अधिक उड्डाणे केली होती, तीही खाऱ्या हवेत. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला धडावर तडा दिसला होता, पण तिने तो कुणाला सांगितला नाही.

ते विमान मोठे होते आणि त्याच्या धडात हवेचा दाब भरलेला असे. छोट्या प्रशिक्षण विमानात तो भार नसतो. मात्र एकेकटे निरुपद्रवी वाटणारे तडे एका रांगेत आले की काय होते, हा धडा दोघांनाही लागू आहे.

तपासणी कशी होते?

पहिले साधन डोळे. पण नुसते पाहणे पुरत नाही. विजेरीचा झोत पत्र्याला जवळजवळ समांतर धरला की फुगवटे, सुरकुत्या आणि कललेली डोकी सावलीमुळे उठून दिसतात. रिव्हेटशेजारी अंगठ्याने पत्रा दाबून डोके हलते का ते पाहतात. डोक्याखाली ०.०५ मिलिमीटरच्या आसपास जाडीची फीलर गेजची पट्टी शिरते का, हेही तपासतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि बंद पोकळीत घालायचा छोटा कॅमेरा, म्हणजे बोरोस्कोप, ही पुढची साधने.

दुसरी पायरी रंगद्रवाची. रंग खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर पातळ, गडद द्रव लावतात. तो तड्यात शिरतो. वरचा पुसून पांढरी पावडर मारली की आत राहिलेला द्रव बाहेर ओढला जाऊन तड्याची रेषा उमटते. ही पद्धत स्वस्त आहे, पण पृष्ठभागावर तोंड उघडणारा तडाच ती दाखवते. रिव्हेटच्या डोक्याखालचा किंवा दुसऱ्या पत्र्यातला तडा तिला सापडत नाही.

तिथे एडी करंट तपासणी लागते. बारीक तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडून ते धातूजवळ धरले की धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात. वाटेत तडा आला तर त्या प्रवाहांना वळसा घ्यावा लागतो आणि उपकरणाच्या पडद्यावर संकेत बदलतो. जास्त वारंवारता पृष्ठभागाचे तडे टिपते, कमी वारंवारता आतल्या थरापर्यंत पोहोचते. रिव्हेट न काढता त्याच्याभोवती फिरवायचे वेटोळे मिळते. बोल्ट काढून भोकाच्या आत घालायचे वेगळे असते.

हे उपकरण ‘तडा आहे’ असे लिहून देत नाही. आधी मुद्दाम बारीक खाच पाडलेल्या नमुन्यावर ते लावून घ्यावे लागते. त्यानंतर भोकाची कड, धातूतला बदल किंवा जवळचा पोलादी बोल्ट यांचा संकेत कोणता आणि तड्याचा कोणता, हे प्रशिक्षित माणसालाच ओळखावे लागते.

सैल रिव्हेट बदलला की काम संपले?

नाही. रिव्हेट सैल झाला याचा अर्थ त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्यांवर गेला आहे. म्हणून आजूबाजूची रांग पाहावी लागते, आतली बरगडी तपासावी लागते आणि भोक लांबट झाले आहे का ते पाहावे लागते. भोक खराब झाले असेल तर एक आकार मोठा रिव्हेट घालतात. इथे साधा हिशेब आडवा येतो. रिव्हेटचा मध्य पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर असावा, असा नियम आहे. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला ६.४ मिलिमीटर अंतर पुरते. त्याजागी ४ मिलिमीटरचा घातला तर ८ मिलिमीटर लागते. ते नसेल तर मोठा रिव्हेट घालून जोड उलट कमकुवत होतो.

रिव्हेट कोणता वापरला हेही महत्त्वाचे. विमानातील नेहमीच्या मिश्रधातूच्या रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो. शुद्ध अॅल्युमिनियमच्या मऊ रिव्हेटवर खूण नसते. जुन्या दुरुस्तीत भार घेणाऱ्या जागी बिनखुणेचे रिव्हेट किंवा हार्डवेअरच्या दुकानातले पॉप रिव्हेट आढळले, तर तपासणाऱ्याने तिथेच थांबून ती दुरुस्ती कुणी आणि कशाच्या आधारे केली, हे विचारायला हवे.

चुकीची दुरुस्ती किती वर्षे दबा धरून बसू शकते, याचे भीषण उदाहरण जपानमधले आहे. जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ च्या शेपटीकडील दाबभिंतीची १९७८ मध्ये दुरुस्ती झाली. तिथे जोडपट्टी अखंड हवी होती. ती दोन तुकड्यांत बसवली गेली आणि रिव्हेटांच्या दोन रांगांचा भार एकाच रांगेवर आला. जोड बाहेरून पक्का दिसत होता. त्यानंतर बारा हजारांहून अधिक उड्डाणे सुखरूप झाली. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फुटली आणि ५२० जणांचा बळी गेला.

वेळेवर तपासणी होऊनही अपघात कसे?

४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडात डेटोना बीच येथे पायपर पीए-२८ अॅरो या प्रशिक्षण विमानाचा डावा पंख धावपट्टीवरून उड्डाण घेतल्यावर तुटून पडला. विद्यार्थी वैमानिक आणि त्याची परीक्षा घेणारा अधिकारी, दोघेही ठार झाले. विमान २००७ सालचे, म्हणजे जेमतेम अकरा वर्षांचे होते. पण त्याचे सुमारे ७,६९० उड्डाणतास आणि ३३ हजारांहून अधिक लँडिंग झाली होती. स्पारच्या खालच्या पट्टीतील बोल्टच्या भोकापासून निघालेला तडा त्या पट्टीच्या ८० टक्क्यांहून अधिक भागात पसरला होता. ठरलेल्या तपासण्या झालेल्या होत्या, मात्र त्या डोळ्यांनी करायच्या होत्या आणि तडा डोळ्यांना दिसणाऱ्या जागी नव्हता. तपासात त्याच ताफ्यातील आणखी एका विमानात तशाच भोकाशी तडा सापडला.

पुढच्याच वर्षी, २६ मे २०१९ रोजी, ऑस्ट्रेलियात माउंट आयसाजवळ भूगर्भ सर्वेक्षणासाठी खालून उडणाऱ्या सेसना टी२१० चा पंख तुटून दोघांचा मृत्यू झाला. ते विमान १९७६ सालचे. दोन्ही पंखांना धडातून जोडणाऱ्या स्पारवर गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यातून तडा सुरू झाला होता.

पहिल्या विमानाचा वापर प्रचंड होता, दुसऱ्याच्या अंगावर वापर आणि गंज दोन्ही होते. त्यामुळे ‘जुने म्हणजे धोकादायक, नवे म्हणजे सुरक्षित’ ही सरळ विभागणी टिकत नाही.

मग विमानाचे वय मोजायचे कसे?

डेटोना बीचच्या अपघातानंतर अमेरिकी नियामक फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनने काढलेला आदेश फेब्रुवारी २०२१ मध्ये लागू झाला. पायपरच्या ठरावीक मॉडेलची पाच हजारांहून अधिक विमाने त्याच्या कक्षेत आली. त्यातले सूत्र लक्षणीय आहे. भाड्याने किंवा प्रशिक्षणासाठी वापरलेले तास पूर्ण धरायचे आणि खासगी मालकाने उडवलेल्या तासांना १७ ने भागायचे. या हिशेबाने ५,००० तास भरले की स्पारच्या खालच्या बोल्टच्या भोकांची एडी करंट तपासणी बंधनकारक.

याचा अर्थ असा, की रविवारी सकाळी शांत हवेत उडणाऱ्या विमानाचे सतरा तास आणि दिवसभर टेकवा-उठवा करणाऱ्या प्रशिक्षण विमानाचा एक तास धातूच्या दृष्टीने सारखेच. जमिनीलगतचे धक्के, तीव्र वळणे, पुन्हा पुन्हा उतरणे यांनी पंख थकतो. गंजाचे गणित मात्र नेमके उलटे आहे. समुद्रकिनारी उघड्यावर वर्षानुवर्षे न उडता उभे असलेले विमान तासांच्या हिशेबात तरुण आणि गंजाच्या हिशेबात म्हातारे असू शकते. म्हणून तास, लँडिंग, वर्षे आणि विमान कुठे ठेवले होते, या चारही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

अडते कुठे?

तंत्र आहे, उपकरणे आहेत. अडते ते खर्चाशी आणि वेळेशी. आतला स्पार पाहायचा तर आसने, गालिचे, आतील आवरणे आणि झाकणे काढावी लागतात. त्यात मजुरीचे तास जातात आणि तेवढे दिवस विमान कमाईविना उभे राहते. सेसनाने २०११-१२ च्या सुमारास आपल्या जुन्या विमानांसाठी जादा तपासण्यांची यादी दिली, तेव्हा अनेक मालकांनी विमानाच्या किमतीच्या मानाने हा खर्च परवडणारा नसल्याची तक्रार केली. ऑस्ट्रेलियाने या तपासण्या बंधनकारक ठरवल्या. अमेरिकेत खासगी मालकांवर तशी सक्ती नाही. भारतात नोंदलेल्या विमानांना निर्मात्या देशाने काढलेले सुरक्षा आदेश लागू होतात. पण आदेश बहुतेकदा अपघातानंतर निघतो आणि तो ठरावीक मॉडेलच्या ठरावीक जागेपुरता असतो.

मालकांची तक्रार खोटी नाही. उगाच उघडलेला जोड पुन्हा बसवताना नवा ओरखडा पडू शकतो आणि तो ओरखडाच पुढे तड्याचे मूळ ठरतो. म्हणून सरसकट सगळे उघडा, असे कोणताही जाणकार म्हणणार नाही. विमानाचा वापर पाहून जागा ठरवा आणि तिथे डोळ्यांवर न थांबता योग्य उपकरण वापरा, हा मधला मार्ग आहे. त्यासाठी लॉगबुक खरे असावे लागते. जड लँडिंग झाले तर त्याची नोंद व्हायला हवी आणि ती केल्याबद्दल विद्यार्थ्याला किंवा प्रशिक्षकाला ओरडा बसता कामा नये. जुनी दुरुस्ती कुणी, कोणत्या आराखड्याने, कोणत्या रिव्हेटने केली, हे दहा वर्षांनंतरही वाचता आले पाहिजे. नवा रंग देण्याआधी पत्रा तपासला गेला पाहिजे, कारण ताजा रंग अनेक वर्षांच्या खुणा एका दिवसात पुसून टाकतो.

या विमानांत बसणारा विद्यार्थी बहुधा विशीतला असतो आणि विमान त्याच्या वयाच्या दुप्पट. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारायला त्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. रिव्हेटमागचा काळा डाग त्या फेरीत त्याला दिसू शकतो. डोक्याखालचा तडा त्याला कधीच दिसणार नाही. तो शोधण्याची जबाबदारी मालक, देखभाल अभियंता आणि नियामक यांची आहे आणि ‘तपासले, ठीक आहे’ या शिक्क्याखाली नेमके काय, कशाने तपासले, हे लिहिलेले नसेल तर ती पार पडली असे म्हणता येत नाही.